बापूअण्णांचं परळीचं इंजिन

बापूअण्णा दर सोमवारी धारूरहून एसटीनं परळीला जायचे आणि वैजनाथाचं दर्शन न घेता परत यायचे. सुरुवातीला गावानं त्यांना भाविक धरलं. मग लोकांच्या लक्षात आलं, की माणूस परततो तेव्हा कपाळाला अंगारा नसतो, पण कानात आणि नाकपुड्यांत कोळशाची भुकटी असते. अण्णा दिवसभर परळी स्टेशनावर बसून इंजिनं बघत.

"देवाला काय वाटत आसंल, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"ठेसनावरनं हात जोडतो की. त्याला काय दिसत न्हाई व्हय?"

अण्णा आमच्या घोंगडी विणकर सोसायटीचे चेअरमन, मी सेक्रेटरी, आणि आमची घरं भिंतीला भिंत लावून. त्यामुळे हे वेड मी फार जवळून सोसलं.

अण्णांची हयात मेंढरांत गेलेली. कळपातली मेंढी ओळखावी तशी ते इंजिनं ओळखत. इंजिनावर नंबर असतो, हे मी सांगितलं तर चिडले. "मेंढराला नंबर घालतेत का बे?" त्यांच्या लेखी एक होती बांडी, तिच्या पाण्याच्या टाकीवर पांढरा ओघळ होता. एक खोकली. आणि एक म्हातारी, सुटताना तिची चाकं जागच्या जागी गरगरायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आला की अण्णा विचारत, "लाइन किलेर हाय का?" कुणी लांबण लावली की म्हणत, "वाफ वाया चालली."

एवढं असून हा माणूस जन्मात रेल्वेत बसला नव्हता.

"कावून बसावं? आत बसल्यावर इंजन दिसतंय का?"



बांडीच्या शिट्टीबद्दल मात्र कुणी वावगं बोलायचं नाही. वारं बरोबर असलं तर ती घाट चढून धारूरला ऐकू येते, असा अण्णांचा दावा होता. एकदा एसटीत एक शिक्षक हसले. अण्णा अर्ध्या वाटेत उतरले आणि पुढची गाडी येईपर्यंत बाभळीखाली बसून राहिले.

परत आले की संध्याकाळी अंगणात खेळ व्हायचा. अण्णा कोपरं हलवत, गाल फुगवून तुळशीभोवती धावायचे, मधेच थांबून धोतराच्या सोग्यानं वाफ सोडायचे, आणि शिट्टी केवढी मोठी ते दोन्ही हात पसरून दाखवायचे. शेजारची पोरं कुडावर चढून बघत. ओट्यावर गयाकाकू, अण्णांची बायको, पदर तोंडाला लावून हसत.

काकूंना ऐकू यायचं नाही. मोठ्या दुष्काळात गावातली मेंढरं विकली गेली, लोकर संपली, सोसायटीचे माग वर्षभर बंद राहिले. काकू खडी फोडायच्या कामावर जाऊ लागल्या. तिथं त्यांना ताप भरला. ताप उतरला, पण कान गेले. लोक आधी त्यांच्याशी ओरडून बोलत, नंतर बोलेनासे झाले. काकूंनीही बोलणं सोडलं. अण्णा त्यांना परळीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले होते. डॉक्टरनं मान हलवली. पुन्हा औषधाला म्हणून अण्णा एकटेच गेले, ते त्या दिवशी स्टेशनावर जाऊन बसले. घरी आल्यावर काय सांगावं सुचेना, म्हणून इंजिन करून दाखवलं. काकू हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदा.

हे अण्णांनी मला सांगितलं ते कोळशाची इंजिनं बंद होणार अशी बातमी आली तेव्हा.

"डिझेलवाल्याची नक्कल करता येत न्हाई रे," ते म्हणाले. "ह्या सोमवारी तिला नेतो. तू चल."

आम्ही तिघं गेलो. बांडीच लागलेली होती. तिचा ड्रायव्हर हैदराबादकडचा, अण्णांना ओळखणारा. "क्या चेअरमनसाब, आज भाभी को लाए?" अण्णा त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. त्यानं मान डोलावली आणि शिट्टीची साखळी ओढली.

पत्र्यावरची कबुतरं उडाली. हमालानं शिवी हासडली. मी कान दाबून खाली बसलो. काकू तशाच उभ्या. मग त्यांनी अण्णांची बाही ओढली.

"आवं, आलं! ऐकू आलं!" सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, "पर लई बारीक वाजती वो. तुमी तर एवढे हात पसरून दावत व्हता."

मी घाबरून अण्णांकडं पाहिलं.

अण्णांनी बोटं चिमटीसारखी जवळ आणून काकूंना दाखवली. "व्हय. बारीकच हाय," ते म्हणाले आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

कान काही परत आले नाहीत. पण परतीच्या एसटीत काकू बोलायला लागल्या. माहेरची विहीर, विकलेली मेंढरं, परळीच्या बांगड्या, मधेच माझ्या लग्नाचं काय झालं. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ओरडूनच बोलत होत्या. लोक वळून वळून बघू लागले. शेवटी कंडक्टर आला.

"बाबा, मावशीला जरा हळू बोलाया सांगा की."

अण्णा खिडकीकडं तोंड करून बसले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"बोलू दे," ते म्हणाले.