विमानवाहू जहाज तिसऱ्या मजल्यावर चढविल्याची हकीगत

ऐकणारांनी स्वस्थ बसावे, खुर्ची नीट ओढून घ्यावी आणि हातातला फोन उपडा ठेवावा. कारण पुढील वर्तमान डोळ्यांदेखत घडलेले, आणि दरवाजाच्या चौकटीवर ज्याचा ओरखडा अद्याप दिसतो ऐसे आहे. पुढील तीस वर्षे दर्यावर हुकमत कोणी चालवावी, विमानवाहू जहाजांनी, की पाणबुड्यांनी, की लढाऊ नौकांनी, हा थोर पेच आरमाराच्या कचेरीत पडला असता एक बारा फुटी जहाज एका तीन फुटी दरवाजातून आत नेण्याचा बिकट प्रसंग गुदरला. त्यात कोणी कैशी शर्थ केली ते कलमबंद राहावे, यास्तव हा मजकूर.

त्या समयी आरमारात दोन सरदार मातबर. एक विमानदळाचे. त्यांची हयात जहाजाच्या सपाट डेकवर विमाने उतरविण्यात गेली, म्हणून सारी कचेरी मागून त्यांस डेकसाहेब म्हणे. देह उंचापुरा, आणि आवाज ऐसा की एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर बोलण्यास टेलिफोन लागू नये. दुसरे पाणबुड्यांचे सरदार, त्यांस बुडीसाहेब म्हणत. अंगाने आटोपशीर, बोलणे हळू, आणि महिनेच्या महिने पाण्याखाली गुपचूप राहून सवय ऐसी जडली की जेवतानाही चमच्याचा आवाज होऊ देत नसत. डेकसाहेबांचे म्हणणे, आरमारास दुसरे विमानवाहू जहाज पाहिजेच, त्यावाचून जरब नाही. बुडीसाहेबांचे म्हणणे, येवढे अगडबंब जहाज म्हणजे शत्रूस लांबून दिसणारे निशाण, त्यापेक्षा तेच पोलाद पाणबुड्यांस द्यावे. लढाऊ नौकांचे अंमलदार बिचारे दोहींच्या मध्ये, जो बोलत असेल त्याच्याकडे मान डोलवीत. ही तकरार सात वर्षे चालली, आणि अखेर मजल ऐसी आली की दोघे सरदार लिफ्टमध्ये एकत्र सापडले तर एक मजल्यांचे आकडे वाची आणि दुसरा आपल्या बुटांची नाडी न्याहाळी.

ऐसे असता मंत्रीबाईंचा हुकूम सुटला की, मंगळवारी सकाळी अकरा वाजता आम्ही जातीने येऊ, भावी आरमार आमच्या नजरेस घालावे, मग निकाल देऊ.

आता भावी आरमार नजरेस घालणे हे काम तळमजल्यावरील नमुनाघराचे. तेथील मुख्य कारागीर एक बाई, ज्यांस लहानथोर सगळे अक्का म्हणत. त्यांनी चौतीस वर्षे लाकूड, पत्रा आणि फायबर यांतून होणाऱ्या जहाजांचे नमुने घडविले होते, आणि महिनाअखेर त्या सेवानिवृत्त होणार होत्या. त्यांच्या हाताखाली बावीस वर्षे राबलेले सुतार मिस्त्री, मितभाषी आणि कामास वाघ. या दोघांनी चौदा महिने खपून बारा फूट लांबीचे विमानवाहू जहाज, त्याच्या दिमतीस दोन लढाऊ नौका आणि तीन पाणबुड्या ऐसा सरंजाम सिद्ध केला होता. डेकवर वीतभर लांबीची अठरा विमाने, आणि प्रत्येकाची चाके फिरती.

परंतु कचेरीचे चिटणीस यांची मसलत निराळी होती. त्यांचे मत ऐसे पडले होते की, हल्ली पडद्यावर हवे ते चित्र हवे तसे फिरविता येते, मग लाकडाची खेळणी कशास पाहिजेत. यास्तव अक्का निवृत्त होताच नमुनाघरास कुलूप घालून तेथे जुनी कपाटे ठेवावी, ऐसा मसुदा त्यांनी तयार ठेविला होता, आणि फक्त मंगळवारची बैठक पाहून त्यावर सही करणे बाकी होते. ही गोष्ट मिस्त्रींच्या कानी आली होती. अक्कांच्याही आली होती. दोघे पॉलिश करीत राहिले.

मग सोमवारी सायंकाळी घात जाहला. बैठक तळमजल्यावरील प्रशस्त दालनात व्हावयाची, आणि त्याचे दार अक्कांनी दोनदा मोजून ठेविले होते. परंतु तेथील थंड हवेचे यंत्र अकस्मात बंद पडले आणि छतातून पाणी गळू लागले. तेव्हा चिटणिसांनी फर्मान काढिले की, बैठक तिसऱ्या मजल्यावरील जुन्या दालनात होईल. नमुनाघरास ही वर्दी मंगळवारी सकाळी नऊ वाजता पोहोचली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मोहीम कूच जाहली. चार पहारेकरी, मिस्त्री आणि अक्का यांनी जहाज उचलिले, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते कठड्यावरून पलीकडे काढीत, श्वास घेत, पुन्हा उचलीत, मजल दरमजल करीत तिसरा मजला गाठिला. लढाऊ नौका मागाहून आल्या, पाणबुड्या तर काखेत मारून आणिल्या, आणि सर्व दालनात बिनबोभाट दाखल जाहल्या. परंतु विमानवाहू जहाज दालनाच्या दारापाशी आले आणि तेथे मोहीम खिळली. कारण दालनापुढील बोळ पाच फूट रुंद, आणि दार बोळाच्या बाजूच्या भिंतीत. बारा फूट लांबीची वस्तू तेथे वळावी कशी! नाक आत घालावे तो शेपूट समोरच्या भिंतीस लागे, आणि शेपूट आत घालावे तो नाकाची तीच गत.

साडेदहा वाजता दोघे सरदार आले. डेकसाहेबांनी जहाज बोळात अडकलेले पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. आत मेजावर पाणबुड्या मांडलेल्या, लढाऊ नौका मांडलेल्या, आणि विमानवाहू जहाजाची जागा तेवढी रिकामी. मंत्रीबाई येऊन हेच पाहणार, आणि सात वर्षांची तकरार न बोलता निकालात निघणार! बुडीसाहेबांनीही ते पाहिले. त्यांच्या मिशीच्या कोपऱ्यात हसू लपेना.

इतक्यात चिटणीस धावत आले आणि त्यांनी हुकूम केला की, करवत आणावी, जहाज मधोमध कापावे, आत नेऊन जोडावे, वरून रंग मारावा.

मिस्त्रींनी करवत आणिली नाही. ते जागचे हललेच नाहीत. अक्का जहाजाच्या आणि चिटणिसांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्यांची उंची चिटणिसांच्या खांद्यास लागे.

"साहेब, कापलेलं जहाज मी आजवर कुणाला दाखवलं नाही," अक्का म्हणाल्या. "आता जाता जाता नाही दाखवणार."

"अहो अक्का, पण अकरा वाजतायत!"

"मला घड्याळ कळतं."

मग अक्का वळल्या, आणि जे कोणाच्या स्वप्नीही नव्हते ते त्यांनी केले. त्या थेट बुडीसाहेबांसमोर गेल्या.

"साहेब, एक विचारू? मागे पाणबुडीचा नमुना करायचा होता तेव्हा तुम्ही मला आत नेऊन सगळं दाखवलं होतं. तो एवढा लांबलचक टॉर्पेडो, आणि वरचं भोक केवढुसं. तो आत कसा घालतात?"

बुडीसाहेब चमकले. तत्क्षणी त्यांस कळून चुकले की बाई काय विचारते आहे, आणि हेही कळले की उत्तर आपणास ठाऊक आहे. मुकाट राहावे तर वैऱ्याचे जहाज बोळातच फसते आणि सात वर्षांच्या लढाईत बसल्या जागी फत्ते होते. त्यांनी डेकसाहेबांकडे पाहिले. ते उंचेपुरे गृहस्थ भिंतीस टेकून, टोपी हातात घेऊन, परीक्षेत नापास जाहलेल्या मुलासारखे उभे होते. मग बुडीसाहेबांनी जहाजाकडे पाहिले. त्याच्या बगलेस अक्कांनी नखाएवढी शिडी लाविली होती आणि तिच्या प्रत्येक पायरीस खाचा पाडिल्या होत्या. सरदार पुष्कळ वेळ ती शिडी पाहात राहिले.

"तिरपा," बुडीसाहेब अखेर म्हणाले. "तिरपा घालतात. छत किती उंच आहे?"

"चौदा फूट," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ते आधीच मोजले होते.

"मग झालं की! जहाज उभं करा. नाक वर, शेपूट खाली. शेपूट दारातून आत सरकवायचं, आणि नाक समोरच्या भिंतीवरून हळूहळू खाली आणायचं."

ऐसे बोलून त्यांनी कोट उतरविला, पदकांसकट चिटणिसांच्या हातात दिला आणि बाह्या वर केल्या. मग काय विचारता! मिस्त्रींनी स्टुलावर चढून छताची लोंबती ट्यूबलाइट काढिली, दाराची फळी बिजागऱ्यांतून मोकळी केली, आणि डेकवरील मनोरा चार स्क्रू सोडून अलग केला. अक्कांनी अठरा विमाने एकेक करून चहाच्या तीन ट्रेंत उतरविली. दार तीन फूट दोन इंच, डेक दोन फूट अकरा इंच, मध्ये अवघी तीन इंच जागा, आणि तेवढ्यावर सर्व भिस्त.

नाकाकडे उंच माणूस पाहिजे होता. पहारेकरी चौघेही बेताचे. सर्वांच्या नजरा डेकसाहेबांकडे वळल्या. त्यांनी टोपी खिडकीत ठेविली आणि मुकाट्याने नाक हातांवर तोलून धरिले.

"जरा खाली," बुडीसाहेब कुजबुजले.

"काय? मोठ्याने बोला की!"

"खाली! आणि तुम्ही जरा हळू बोला, कान गेला माझा."

ऐसे सात वर्षांत त्या दोघांचे तकरारीखेरीज प्रथम संभाषण जाहले. आणि मग एकाने खाली म्हणावे, दुसऱ्याने आणावे, एकाने थांबा म्हणावे, दुसऱ्याने घाम गाळीत थांबावे, ऐसे करिता जहाजाचे शेपूट दारात शिरले, मग कंबर शिरली, आणि निम्मे जहाज आत व निम्मे बाहेर ऐशा स्थितीत डेकची कड चौकटीस घासून करकरली आणि सर्व जागच्या जागी थबकले.

नेमक्या त्याच वेळी लिफ्टचे दार उघडले आणि मंत्रीबाई दहा मिनिटे आधीच अवतरल्या.

बाईंनी पाहिले तो बोळात आडवे तिरपे जहाज, त्याखाली दोन सरदार घामाघूम, एक चिटणीस दुसऱ्याचा कोट पोटाशी धरून उभे, आणि बैठकीस जाण्याची वाट समूळ बंद.

"आत जायला दुसरं दार आहे का?" बाईंनी विचारिले.

"नाही, मॅडम," चिटणीस मेल्याहून मेल्यासारखे होऊन म्हणाले.

बाईंनी क्षणभर विचार केला, पर्स छातीशी धरिली, आणि वाकून, जहाजाच्या तळाखालून, बदकासारख्या चालत दालनात गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "उजवीकडे बोटभर जागा आहे! जरा उजवीकडे घ्या!"

सर्वांनी उजवीकडे घेतले. करकर थांबली. मिस्त्रींनी खांदा दिला, अक्कांनी हात लाविला, आणि डेकसाहेबांनी ऐसी आरोळी दिली की खालच्या मजल्यावरील कारकून उठून उभे राहिले, आणि जहाज सरसर करीत आत जाऊन मेजावर आपल्या जागी विराजमान जाहले. अकरास दोन मिनिटे कमी होती.

मिस्त्रींनी मनोरा बसविला, अक्कांनी विमाने डेकवर मांडिली, मग बैठक बसली. डेकसाहेबांनी भाषणाचा कागद काढिला, परंतु तो घामाने भिजून अक्षर लागेना. तेव्हा मंत्रीबाईंनीच प्रश्न केला.

"हे इथे दारातून शिरताना एवढी दमछाक झाली. खरं जहाज दुरुस्तीला उभं करायचं तर तेवढी मोठी गोदी आहे का आपल्याकडे?"

सात वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता. डेकसाहेबांनी खोकून घेतले, आणि मग मर्द माणसाने द्यावे तैसे खरे उत्तर दिले. "नाही, मॅडम. वीस मीटर कमी पडते."

सर्वांस वाटले, आता बुडीसाहेब घाव घालणार. ते उठले, आणि नेहमीप्रमाणे हळूच बोलले, म्हणून सर्वांस पुढे झुकावे लागले.

"गोदी आमच्याही पाणबुड्यांना अपुरीच पडते. दोघांना पुरेल अशी बांधा. आणि खरं सांगू? वर यांची विमानं घिरट्या घालत असली की आम्हाला खाली निवांत झोप लागते."

"आणि खाली हे असले की मला," डेकसाहेब म्हणाले, आणि आपणच बोललो यावर विश्वास न बसून पाणी प्याले.

येणेप्रमाणे सलूख जाहला. ठराव ऐसा की, प्रथम मोठी गोदी बांधावी. ती बांधून होईतो पाणबुड्या आणि लढाऊ नौका यांची कामे चालू करावी. आणि गोदी सिद्ध होताच विमानवाहू जहाजाचा पाया घालावा. लढाऊ नौकांच्या अंमलदारांनी मान डोलविली, आणि या खेपेस ती मनापासून डोलविली.

उठता उठता चिटणिसांनी निवेदन केले की, पुढील बैठकीत ऐसा त्रास होणार नाही, सर्व काही पडद्यावर दाखवू.

मंत्रीबाईंनी अक्कांनी बसविलेल्या त्या नखाएवढ्या शिडीवर बोट टेकविले. "पडद्यावर हे दारात अडकलं नसतं, चिटणीस," त्या म्हणाल्या. "आणि मग मी गोदीचं विचारलंच नसतं. गोदीचा नमुना आधी करा. कोण करणार?" आणि अक्कांकडे वळून, "तुम्ही का?"

"मी नाही, बाई. माझं महिनाअखेरीस संपलं," अक्का हसून म्हणाल्या. "घरी नवरा वाट बघतोय, चौतीस वर्षं माझ्या हातचा गरम चहा मिळाला नाही म्हणतो. गोदी आमचे मिस्त्री करतील. नमुनाघर त्यांच्याकडे द्या. हात माझ्याहून बरा आहे त्यांचा."

मिस्त्री एक पाऊल मागे सरले. "अक्का, मला ते लिहिणंबिहिणं, बैठका... नाही जमायचं."

"मी तरी काय लिहिलं? मोजलं आणि कापलं. आज सगळ्यांच्या आधी छत कुणी मोजलं होतं?"

खिशातून रुमाल काढून मिस्त्रींनी अगोदर जहाजाची कड पुसली आणि मग डोळे. चिटणिसांनी नमुनाघर बंद करण्याचा मसुदा घडी घालून खिशात ठेविला, आणि त्याचे पुढे काय जाहले ते कोणी विचारिले नाही.

ऐसी ही मोहीम मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू होऊन अकरास दोन मिनिटे कमी असता फत्ते जाहली. आपल्याकडील नुकसान: चौकटीचा रंग वीतभर, कोटाचे एक बटण, आणि एका पहारेकऱ्याच्या पायाचा अंगठा, तो आठवड्यात बरा जाहला. शत्रू कोणी नव्हता, सबब शत्रूचे नुकसान लिहिले नाही. दोघे सरदार त्या दिवशी एकाच लिफ्टने खाली उतरले, आणि नाकाकडे जोर जास्त लागला की शेपटाकडे, यावर तळमजला येईपर्यंत कडाक्याने भांडत गेले. इतके वर्तमान खरे जाणून दप्तरी दाखल केले असे.