चांदण्यातलं डोहाळजेवण आणि गॅसचा हीटर

कोणतंही मशीन असो, ते या मुकुंदाच्या हाताला नाही म्हणत नाही. वाळूजच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं भट्ट्या सांभाळल्यात मी! त्यामुळं आमच्या सईनं "बाबा, मला चांदण्यातलंच डोहाळजेवण हवं, गच्चीवर," म्हटल्यावर मी लगेच शब्द देऊन टाकला.

"डिसेंबरात?" आमच्या दमयंतीबाई कडाडल्या. "पोरीला सातवा महिना आहे. हॉलमध्ये करू."

"गॅसचा हीटर आणतो. गच्चीवर उन्हाळा करतो."

ठरलं. हीटर पेटला तर गच्ची, नाहीतर हॉल आणि ट्यूबलाइट.

पौर्णिमेला संध्याकाळीच बजाजनगरावर चंद्र निवांत वर आला. धुकं हलकं, झोपाळा हलता, आणि निशिगंधाचे दागिने घातलेली सई. क्षणभर वाटलं, ही आपली पोर नाहीच, चांदण्यातून कुणीतरी उतरून आलंय. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात तिला शिंक आली.

मी नव्या हीटरचं बटण दाबून ज्योत पेटवली. निळी, देखणी. बटण सोडलं, विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

"दाबूनच बसा की, इवाई," पैठणच्या विहीणबाई सरूबाई म्हणाल्या. "ताट आमी हितंच आणून देतो."

सिलिंडर बदलला. नळीला साबणाचा फेस लावून पाहिला, गळती नाही.

"तुराट्या पेटवू का? शेकोटी लई मस्त व्हईल," सरूबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं," मी म्हणालो. अशी पाच मिनिटं मी सहा वेळा मागितली. दमयंती हॉलमध्ये खुर्च्या मांडायला निघाली. सईचा चेहरा उतरला, तो मला बघवेना.

शेवटी जाळी काढून बॅटरी मारली. ज्योतीशेजारी एक बारीक दांडी असते. ती तापली तरच गॅस चालू राहतो. त्या दांडीवर हळदकुंकवाचा जाड थर होता, वर दोन अक्षता.

"हे कुणी केलं?"

"मी," दमयंती दारातून म्हणाली. "नवी वस्तू, पूजा नको? कपाळ कुठंय ते कळेना. जाळीतून बोट तिथंच पोचलं."

दसऱ्याला कंपनीतल्या भट्टीला कुंकू मीच लावतो.

दांडी रुमालानं पुसली. बटण दाबून तीस आकडे मोजले, देवाचं नाव घेऊन सोडलं. राहिली! जाळी बसवली आणि सगळी गच्ची केशरी झाली. मी छाती काढून वळलो.

झोपाळ्यावर दोन्ही आया आणि मधे सई, तिघींच्या अंगावर सरूबाईंची एकच गोधडी. सई सासूच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. डोळे किलकिले करून म्हणाली, "बाबा, ते बंद करा ना. चांदणं दिसेना झालंय."

मी बंद केलं. चांदणं परत आलं, पोरीच्या चेहऱ्यावर हसूही आलं. गोधडीत चौथ्याला जागा आहे का, असं मी विचारून पाहिलं. नव्हती.

मग हीटरला टेकून बसलो. तो अजून थोडा कोमट होता.