पट्टा कुणाला बांधायचा?

"आप्पा, घट्ट धरा. मी कमरंतनं वळणार हाय. सोडू नका."

वडगावच्या बोळात मनिषानं रबरी पट्ट्याचं एक टोक बापाच्या, नागोजीच्या, हातात दिलं आणि दुसरं स्वतःच्या मुठीत घेतलं. उद्या जिल्ह्याच्या हॉकी संघाची निवड. "तुझ्या फटक्यात नुसतं मनगट हाय. कंबर आली तरच संघात," असं सरांनी पट्टा देताना बजावलेलं.

ती गर्रकन वळली. नागोजीचा हात आपसूक तिच्यामागं गेला. पट्टा लोंबकळलेलाच.

"ढील का देतायसा?"

"मी कुठं देतोय? हात देतोय." उभा जन्म विणकामाच्या मागावर गेलेला हात तो. ताण आला की सैल सोडणार, नाहीतर रेशीम तुटतं.

"मग मागाला बांधू?"

"साडी हाय त्येच्यावर. त्यापेक्षा मला बांध."

पट्टा नागोजीच्या कमरेला आला. मनिषा वळली, आणि कापसासारखा हलका नागोजी भिंगरी होऊन निघाला.

"अण्णा, कुठं निघालासा?" शेजारच्या रवळूनं विचारलं.

"लेकीला इचार. आधी मला धर."

रवळूनं त्याला धरलं, तर दोघं निघाले. रवळूला नागोजीच्या बायकोनं, सत्यवतीनं धरलं, तर तिघं निघाली. "पोरगी हाय का मोटर गं?" सत्यवती म्हणेपर्यंत ही वरात नागुआत्येच्या उंबऱ्यावर जाऊन आदळली.

नागुआत्या उंबऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसलेली. ती एकदा बसली की बसली. रस्ता रुंद करायला आलेले साहेबसुद्धा तिला वळसा घालून गेले होते.

"आत्या, तुला पट्टा बांधू?"

"बांध. मला उठवू नको म्हंजे झालं."

मनिषा वळली. पट्टा ताणला, थरथरला. आत्या जिथल्या तिथं. कांडीवरचं सूतही तुटलं नाही. पोरीची कंबर पहिल्यांदाच पट्ट्याशी भांडली. सांजेपर्यंत ही वळत राहिली, ती कांड्या भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मनिषाच्या फटक्यानं गोलची फळी दणाणली.

"आलीस संघात," सर म्हणाले. "पट्टा कशाला बांधलीवतीस?"

"नागुआत्येला."

पुढच्या सकाळी नागोजीनं दार उघडलं, तर बोळ पोरींनी भरलेला. रंगीबेरंगी पट्टे ताणलेले, त्यांच्या मधोमध चहा पीत नागुआत्या. एक पट्टा खुद्द सरांच्या हातात.

"कायबी होऊ दे, सोडायचा न्हाय," सरांनी सांगितलं आणि शिट्टी फुंकली.

आत्येनं चहाचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"साखर न्हाय," म्हणत ती उठली, आणि तिच्यामागोमाग जिल्ह्याचा अख्खा हॉकी संघ, सरांच्या शिट्टीसकट, स्वयंपाकघरात गेला.