सगळ्यांका एकच

रविवार, ९ मार्च, सकाळी अकरा, सोसायटीचं ऑफिस. हजर: अध्यक्ष शहाभाई, खजिनदार डिमेलोबाई, बी विंगतर्फे कदम आणि चिटणीस म्हणून मी. गैरहजर: परबकाका. विषय एकच: परबकाकांनी ए विंगचं पाणी का बंद केलं?

काका स्वतः ए विंगमध्येच राहतात, हे आधी सांगायला हवं.

झालं असं. शनिवारी सकाळी बी विंगचा पंप जळला. मी प्लंबर बोलावला, टँकर सांगितला, ग्रुपवर कळवलं आणि अंघोळीला गेले. डोक्याला शांपू लावला आणि आमचा, म्हणजे ए विंगचाही, नळ गेला. तशीच टॉवेल गुंडाळून गच्चीवर धावले. गच्चीची किल्ली काकांकडे असते, कारण पाण्याचं खातं त्यांचं. टाकीपाशी काका उभे. तोंडात टूथपेस्टचा फेस, हात व्हॉल्व्हवर.

"आपला पण बंद केलंय," ते फेसातूनच म्हणाले.

मला आधी वाटलं, यांना काहीतरी झालंय. विचारलं, "काका, यानं बी विंगला थेंबभर तरी पाणी मिळालं का?"

"नाय. सोबत मिळाली."

मी केस तसेच घेऊन खाली आले. 

काका मूळचे मालवणकडचे. इथे मरोळच्याच एका कारखान्यात कँटीन सांभाळून निवृत्त झाले. तिथे साहेबांची डाळ वेगळी आणि कामगारांची वेगळी शिजायची. काकांनी एक दिवस दोन्ही पातेली एकात ओतली. तक्रार दोन्हीकडून आली, आणि काकांच्या मते तेवढ्यावरूनच काम चोख झाल्याचं सिद्ध झालं. "सगळ्यांका एकच" हे त्यांचं पालुपद. सोसायटीच्या सभेत एकदा एक समोसा कमी पडला, तर त्यांनी सगळे समोसे दुकानात परत धाडले. सभा भुकेली राहिली, पण समान राहिली. खुर्ची कमी पडली की सगळ्यांना उभं करतात. शहाभाई गुडघे धरून कण्हत असतात आणि काका समाधानानं हात मागे बांधून.

तर सभेत ठरलं: किल्ली काढून घ्यायची, काकांना कमिटीतून मोकळं करायचं. विरोध फक्त कदमांचा. ते म्हणाले, आमच्याकडे पाणी नव्हतं हे ए विंगला पहिल्यांदाच समजलं. पण बहुमत झालं. निरोप पोचवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

संध्याकाळी सातला गेले. दार उघडं, आत मिट्ट काळोख. मी भिंतीवर चाचपडत बटण दाबलं. काही नाही. फ्यूज उडाला असं धरून मोबाइलचा टॉर्च लावला. काकू दिवाणावर लसूण सोलत बसल्या होत्या, भराभर, एकही पाकळी न सांडता. काकूंची नजर दिवाळीच्या सुमाराला साखरेच्या आजारानं गेली, ते मला माहीत होतं. पण हॉलचा होल्डर रिकामा, स्वयंपाकघराचा रिकामा, बाथरूमचाही रिकामा. घरात एकसुद्धा बल्ब नव्हता.

काका कोपऱ्यात बसले होते. टॉर्चचा झोत त्यांच्या पायांवर पडला. नडग्या काळ्यानिळ्या, एका गुडघ्याला पट्टी. 

"तिका दिसणा नाय," काका म्हणाले. "मगे माका कशाक होयो उजेड?"

"पण त्यानं काकूंना काय मिळतंय?" माझा आवाज चढला. व्हॉल्व्हपाशी जे विचारलं तेच मी पुन्हा विचारत होते.

 ते हळूच म्हणाले, "कमी असला तर माणूस सोसता गो. आपल्याच एकट्याक कमी असला, ता सोसवणा नाय. ती पलीकडे आणि मी अलीकडे, असा माका नको."

काकूंनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "आयकलंस?" त्या मला म्हणाल्या. "परवा ह्ये मोरीत पडले. माझी गोळी कुठली आणि ह्यांची कुठली, ता हात लावून मीच ओळखतंय. ह्ये काळोखात बसतत आणि माका दोघांचा बघूचा लागता."

 मी किल्लीचा विषय काढला नाही. खाली जाऊन घरातला नवा बल्ब आणला, त्यांच्या हातात दिला, आणि उद्या सकाळी लावा म्हणून बजावलं. त्यांनी मान हलवली.

आज आठवडा झाला. काल काकू जिन्यात भेटल्या, कठडा धरून उतरत होत्या. बल्ब लावला का, विचारलं.

"माका सांगतत, लावलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी बटणाचो आवाज पण करतत." मग हसल्या, पण पदर डोळ्यांना लावला. "खोटा गो. अजून टीपॉयाक आपटतत. मी म्हणतंय, किती छान उजेड पडलो."

किल्लीचं शहाभाईंनी दोनदा विचारलं. ते होईल. आधी स्टूल घेऊन वर जायचंय आणि बल्ब स्वतः लावायचाय. काकू देवळात गेल्यावर जावं की त्या घरी असताना, दोघांचं खोटं एकमेकांसमोर उघडं करून, तेवढं माझं अजून ठरत नाहीये.