शमूच्या घासाचे पाहुणे

बोट किनारा सोडून खोल पाण्यात गेली की लहान मुलाला ज्याच्या नावाने घास भरवाल तो जेवायला येऊन बसतो, आणि त्याची सोय करणं रेस्टॉरंटला बंधनकारक असतं. खालच्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे आपलं ताट आपणच वाढून घ्यायचं असतं, तिथे हे लागू नाही. तिथे मुलं खुशाल वाटेल त्याच्या नावाने जेवतात आणि कुणी फिरकत नाही. पण वरच्या मजल्यांवर जी खास रेस्टॉरंटं आहेत, जपानी, इटालियन वगैरे, तिथे टेबल आधी सांगून ठेवावं लागतं, खुर्ची नेमून मिळते. खुर्ची आहे म्हटल्यावर माणूस येणारच.

उमेश रेडकरने इटालियन रेस्टॉरंटमध्ये सहा खुर्च्यांचं टेबल सांगितलं, तेव्हा त्याची बायको मृणाल म्हणाली की आपण दोघं आणि शमू, ती तर उंच खुर्चीत बसणार, मग सहा कशाला? उमेश म्हणाला, असू दे, ऐसपैस बसू. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर नवरा ऐसपैस म्हणाला की त्यामागे काहीतरी आहे एवढं बायकोला कळतं. पण बोटीवरच्या सुट्टीत कोण उकरत बसणार? तिने विषय सोडला.

संध्याकाळी ऊन अजून पाण्यावर असताना तिघं वर गेली. लहान मुलं असलेल्यांनी लवकर जेवून घ्यायचं अशी तिथली पद्धत. दारात मिनेझिस उभे होते. रेस्टॉरंटचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मूळचे मडगावचे, काळा कोट, आणि चेहऱ्यावर तलाठी कचेरीतलं गांभीर्य. त्यांनी ही मंडळी बोलताना ऐकली आणि न विचारता दोन खुर्च्यांवर उशा ठेवल्या.

"मराठी कुटुंबांना लागतातच," ते म्हणाले.

लागल्याच. शमू चार वर्षांची. पहिला घास चिऊचा आणि दुसरा काऊचा म्हटल्याशिवाय तिचं तोंड उघडत नसे. समोर आला होता चीज घातलेला पातळसर भात. मेनूत त्याचं नाव लांबलचक होतं, पण मृणालने बघताक्षणीच हा आपला मऊभात आहे असं ठरवून टाकलं. चिऊचा घास गेला आणि चिमणी आली. काऊचा गेला आणि कावळा आला. मिनेझिसनी दोघांना खुर्च्या ओढून दिल्या, चिमणीला बशी आणि कावळ्याला ताट. चिमणी दाणे मोजल्यासारखी खात होती. कावळा मात्र आल्याआल्या जेवायला लागला. उमेशने त्याच्याकडे वाकून हळूच काहीतरी विचारलं. कावळा म्हणाला की तो इथे जेवायला आलेला आहे, कामावर नाही.

तिसऱ्या घासाला घोटाळा झाला. भरवताना बाईचं लक्ष मुलाच्या तोंडाकडे असतं आणि जीभ सवयीने चालत असते. मृणाल म्हणून गेली, "हा घास शेजारच्या काकूंचा." शमूने गिळला. लगेच दारातून ठाकूरदेसाई काकू आत आल्या. ठाण्याला यांच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात. अंगात गाऊन, त्यावर ओढणी, आणि हातात मेथीची जुडी.

काकूंनी फारसं आश्चर्य दाखवलं नाही. आधी कळवलं असतं तर साडी नेसले असते, एवढं म्हणाल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी गॅस बंद केला होता का ते आठवून पाहिलं, केला होता असं ठरलं, आणि समोर वाढलेलं ताट बाजूला सारून रिकाम्या बशीत मेथी निवडायला घेतली.

आता एकच खुर्ची उरली होती.

मृणालने पुढचा घास उचलला. "हा घास बंगलोरच्या..." एवढं तिच्या तोंडून निघतंय तोच उमेशने तिचं मनगट धरलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने सांगून टाकलं. तो या बोटीवर आला होता तोच मुळी त्या एका खुर्चीसाठी. त्याला सुलूआत्याला जेवायला बोलवायचं होतं.

सुलूआत्या म्हणजे उमेशच्या वडिलांची मोठी बहीण. वेंगुर्ल्याला त्यांच्याच घरी असायची. उमेशची आई शाळेत शिकवायची, त्यामुळे पोराला वाढवलं ते आत्याने. मागच्या पडवीत मांडी घालून बसायची आणि वाटीत भात कालवायची. चिऊ, काऊ झाले की गाव सुरू. हा घास पोस्टमनचा, हा बंदरावरच्या तांडेलाचा, हा दीपगृहात दिवा लावणाऱ्याचा, हा लांब दिसतं त्या गलबताचा. गलबत जितकं लांब तितका घास मोठा. उमेश पहिलीत जाईस्तोवर त्याचं निम्म्या वेंगुर्ल्याच्या नावाने जेवून झालं होतं. पण हा घास सुलूआत्याचा असं ती कधी म्हणाली नाही, आणि त्यालाही सुचलं नाही. ती स्वतः कधी जेवते हे घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "माजां झालां." केव्हा झालं, कुठे झालं, काय खाल्लं, याचा पत्ता नाही. त्याला ती एकदा बसून, गरम, पोटभर जेवताना बघायची होती. आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. कावळ्याला त्याने मघाशी विचारलं होतं ते तिचंच.

मृणाल म्हणाली, "अरे, मग आधी सांगायचं ना. मी काकूंवर खुर्ची घालवली."

"मी ऐकतेय हं," काकू मेथीतून वर न बघता म्हणाल्या.

उमेशने मिनेझिसना बोलावलं आणि माणूस हयात नसेल तर काय, असं विचारलं. मिनेझिसनी हात मागे बांधले. अडचण काही नाही, त्यांनी सांगितलं. थोडा वेळ जास्त लागतो, आणि पोशाखाचा नियम अशा पाहुण्यांना सैल ठेवलेला आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. घास मुलानेच गिळला पाहिजे, मोठ्यांचा धरत नाहीत. आणि पाहुण्याचं ताट रिकामं झालं की पाहुणा जातो. खुर्ची मोकळी झाली तरी त्याच टेबलाला तिच्यावर दुसरा पाहुणा घेता येत नाही.

ते बोलत असतानाच कावळ्याने ताट पुसून घेतलं, चोच खुर्चीच्या पाठीवर घासली आणि तो गेला. उमेशने पाहिलं, ताट रिकामं झालं त्याच क्षणी.

आता सगळं शमूवर होतं, आणि शमूचं पोट भरलं होतं. तिने ओठ घट्ट मिटले. मृणालने घास धरला, उमेशने नाव घेतलं, ओठ हलेनात.

"ती कोण?" तोंड जेमतेम उघडून शमूने विचारलं.

उमेशने सांगितलं की ती माझी आत्या, ती मला भरवायची, अगदी आई तुला भरवते तशी.

"मग तिला कोण भरवायचं?"

"कुणीच नाही."

"तिला हात नव्हते?"

"होते ना. पण ते सारखे माझ्या तोंडाशी असायचे."

शमूने यावर बराच विचार केला. उमेशने घाई केली नाही. मिनेझिस घड्याळाकडे पाहत होते. शेवटी शमू म्हणाली, "छोटा. एकदम छोटा." मृणालने चमच्यातला निम्मा भात परत बशीत लोटला. शमूने घास घेतला, गालात इकडून तिकडे फिरवला आणि गिळला. मिनेझिसनी वाकून तिच्या तोंडात पाहिलं आणि मान हलवली.

बाकीचे पाहुणे पुढच्या दाराने आले होते. सुलूआत्या आली ती स्वयंपाकघराच्या दाराने. फिकं हिरवं सुती लुगडं, ओले हात पदराला पुसत. आत्याने टेबलावरून नजर फिरवली आणि तिला पहिलं दिसलं ते शमूच्या हनुवटीला चिकटलेलं शीत. ते तिने बोटाने टिपलं.

"ह्यां चेडू तुजां?" तिने विचारलं. "बारीक आसा. जेवता मां?"

जेवते, उमेश म्हणाला. पण तोवर आत्याने आपल्यासमोरचं ताट उचलून त्यातलं वाढायला सुरुवात केली होती. थोडं मृणालच्या ताटात, थोडं काकूंच्या मेथीशेजारी, चिमणीच्या बशीत दोन शितं. बसा म्हटलं तर म्हणाली, "तुमी जेवा. मी मागसून जेवतंय."

उमेशला हे वाक्य लहानपणापासून ओळखीचं होतं.

मिनेझिस पुढे आले. "बाई," ते म्हणाले, "मागाहून किचन बंद असतं. तुमच्या नावाचा घास गेलेला आहे. तुम्हाला आत्ताच जेवावं लागेल."

घरच्यांचं तिने जन्मात ऐकलं नसतं, पण स्वयंपाकघर बंद होतं म्हटल्यावर आत्यापुढे इलाज उरला नाही. चूल आवरायला उशीर करणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. ती बसली. मिनेझिसनी तिच्यासाठी नवं ताट आणलं, वाफ निघणारं. तिने चमचा बाजूला ठेवला आणि हाताने कालवलं. एक घास घेतला.

"मीठ कमी आसा," ती म्हणाली आणि दुसरा घेतला.

उमेश बघत होता. आत्या डाव्या बाजूने चावत होती. हे त्याला माहीत नव्हतं. गरम घास आधी जरासा फुंकत होती, इतरांना भरवताना फुंकायची तसाच. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मधेच तिने विचारलं, दीपगृहवाल्याचा मुलगा काय करतो. उमेशने सांगितलं, मालवणला दुकान आहे. बरां, ती म्हणाली. ताटातला भात कमी होत चालला होता. चिमणीचं केव्हाच संपलं होतं आणि ती गेली होती. आता ताटाचा पांढरा तळ दिसायला लागला, आणि उमेशने आपला चमचा खाली ठेवला. मृणालच्या ते लक्षात आलं असावं, पण पहिल्यांदा बोलल्या त्या ठाकूरदेसाई काकू.

"अहो, हे काय, एवढंच? घ्या आणखी थोडं," आणि त्यांनी स्वतः अजून न उष्टावलेल्या ताटातला डावभर भात आत्याच्या ताटात घातला.

मिनेझिस थबकले. पाहुण्याला पुन्हा वाढण्याबद्दल नियमांत काहीच नव्हतं, कारण ते नियम करणाऱ्यांत जेवणाऱ्याला आग्रह करण्याची चाल नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि आतून आणखी एक भांडं मागवलं.

मग आग्रह सुरू झाला. मृणालने माझ्या हातचं म्हणून घ्या म्हटलं, वास्तविक तिच्या हातचं त्यात काही नव्हतं. उमेशने शपथ घातली. काकूंनी नव्या ओळखीखातर दोन चमचे घातले. शमूने स्वतःच्या बशीतला उरलेला सगळा चिवडलेला भात देऊन टाकला, त्यात तिचा स्वार्थ होता. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानात वाढून पळ काढला, तिला आज पळायला जागा नव्हती. ती नको नको म्हणत होती, लाजत होती आणि जेवत होती. आचारी, गोरा, थोराड माणूस, दारात येऊन उभा राहिला. आपला भात कुणी इतक्या बळजबरीने वाढतंय हे त्याने आजवर पाहिलेलं नव्हतं. त्याला मिठाचं सांगण्यात आलं. तो आत जाऊन मीठ घेऊन आला.

काचेपलीकडे ऊन उतरून पाण्यावर नुसती तांबूस रेघ उरली. उमेश वाढत होता. वाढत राहिलं तर ही खुर्ची भरलेलीच राहील, बोट परत धक्क्याला लागली तरी, असा हिशेब त्याच्या मनात कधी सुरू झाला ते त्यालाही कळलं नाही. त्याने भांडं पुन्हा पुढे केलं.

आत्याने ताटावर आडवा हात धरला.

"पुरे झालां," ती म्हणाली. "पोट भरलां माजां."

हे वाक्य त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. डाव त्याच्या हातात तसाच राहिला. मृणालने त्याच्याकडे पाहिलं, काकूंचीही मेथी थांबली. त्याला अजून एक शपथ घालता आली असती. आत्याने ती मोडली नसती, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने डाव भांड्यात ठेवला आणि झाकण लावलं.

आत्याने हात काढला. ताटाच्या कडेला लागलेली शितं बोटाने गोळा केली, खाल्ली, आणि सवयीने ताट उचलून आत न्यायला उठली. ती आणि ताट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत दिसली.

मिनेझिस आले. त्यांनी पाहुण्यांच्या चारी खुर्च्यांकडे पाहिलं, म्हणजे तीन मोकळ्या आणि एक काकूंची, आणि या तिन्ही नेऊ का, असं अदबीने विचारलं. पलीकडच्या टेबलावर एका मुलाने नुकताच हत्तीचा घास गिळला होता.

न्या, उमेश म्हणाला.