पत्त्यांची पाठ

फत्तेसिंगबापूंचा कोपर लागला आणि चहाने भरलेला कप नव्याकोऱ्या पत्त्यांच्या कॅटवर आडवा झाला. पत्ते हलके होते. त्यांनी सगळा चहा पिऊन घेतला आणि फुगून बसले.

"तुन्ही दश्शी जाई ऱ्हायनी व्हती म्हनीसन चहा सांडा तू!" दाऊदचाचा ओरडले.

"तुन्हा कप तठे ठेवाले तुले कोनी सांगं व्हतं?" बापूंनी विचारलं.

विसरवाडीत वाहरूतात्यांच्या ओट्यावर दुपारी मेंढीकोट, म्हणजे समोरच्याच्या दश्श्या पकडायचा डाव, चालायचा. तात्या एस.टी.त कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे भिडू दाऊदचाचा ट्रकच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवण्यात म्हातारे झालेले. समोर भिकनगुरुजी आणि त्यांचे भिडू फत्तेसिंगबापू. बापूंचं हायवेवरचं हॉटेल आता मुलगा बघत होता आणि बापूंनी तिकडे फिरकू नये म्हणून रोज देवापुढे उदबत्ती लावत होता. पैशांवर कोणी खेळत नसे. भांडणावर मात्र सगळे खेळत.

घरात तात्यांच्या बायकोला, प्रमिलाबाईंना, हा आरडाओरडा गोड लागायचा, कारण तो ओट्यावर असायचा. एकदा बापूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डाव पंधरवडाभर बंद होता. त्या पंधरवड्यात तात्या स्वयंपाकघरात बसले होते. पहिली भाकरी केव्हा सुटते, दुसरी तिच्यामागे का रखडते, आमटी अजून फलाटावर का लागली नाही, याची चौकशी त्यांनी जातीने केली होती. प्रमिलाबाई रोज बापूंच्या आतड्यांसाठी नवस बोलत होत्या.

"काय वं," तात्यांनी आत डोकं घातलं, "तो जुना कॅट कोठे शे?"

"तो तुमीच माले देई टाका व्हता. मी त्यावर चित्रं काढेल शेतस."

"चित्रं पाठवर शेतस ना? पुढे तर नही? मंग आन इकडे."

ही चित्रं म्हणजे प्रमिलाबाईंचा नवा नाद होता. नात रिना दिवाळीला आली तेव्हा आजीला शिकवून गेली होती. टाकाऊ पुठ्ठ्याचा हाताएवढा तुकडा घ्यायचा, काळं पेन घ्यायचं आणि एक बारकी नक्षी पुन्हा पुन्हा काढत राहायचं. पुसायचं नाही, घाई करायची नाही. मन शांत होतं म्हणे. प्रमिलाबाईंनी आधी औषधांची खोकी संपवली, मग चहाची, मग साबणाची. घरातला पुठ्ठा संपल्यावर त्यांची नजर टाकून दिलेल्या कॅटवर गेली. चौघांच्या हातांनी घासून घासून त्या पत्त्यांच्या पाठीवरची निळी छपाई केव्हाच उडाली होती. इतका गुळगुळीत पांढरा पुठ्ठा विकतही मिळाला नसता.

नक्षी मात्र त्यांना पुस्तकातली येत नव्हती. डोळे मिटले की जुनंच काहीतरी दिसायचं. पाडण्यापूर्वीच्या एस.टी. स्टँडच्या खिडकीची जाळी. तंबू टॉकीजच्या कनातीचे पट्टे. अक्कलकुव्याच्या बाजारात फुलीबाई बांबूच्या टोपल्या विकायची, त्यांची वीण. आईने गोधडीला घातलेला टाका. सारा हिवाळा दुपारच्या दुपार त्यांनी काढत काढत कॅट पुरा केला. एक नक्षी दुसरीसारखी नव्हती. पुढच्या बाजूला राजा आहे की दुर्री, हे त्यांनी कधी उलटूनही पाहिलं नव्हतं.

"वहिनी, केवळ आजच्या दिवसापुरतं," गुरुजी म्हणाले आणि कॅट ओट्यावर गेला.

पहिला डाव सुरूच होईना. "अरे, हाई ते आपला जुना स्टँडनी जाळी!" तात्यांनी पत्ता उचलला. "आन हाई कनात देखी का? याच कनातखालथून मी फुकटमा घुसेल शे," बापू म्हणाले. दाऊदचाचांनी एका पत्त्यावर ताडपत्रीची गाठ ओळखली आणि तिचं तोंड कुठल्या बाजूला हवं हेही सांगितलं. चौघांनी पाठी पाहून घेतल्या, गहिवरून घेतलं आणि मग पत्ते पिसले.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी नवा कॅट आणायची आठवण केली. कोणालाच तो नको होता.

"वस्तूंचा पुनर्वापर करावा, असं सरकारच सांगतं," गुरुजी म्हणाले.

"नवा पत्ता हातमाथून सटकतस," बापू म्हणाले.

"भाभी, तुन्हा हातनी कारागिरी शे. हातमा धरी का दिलले सुकून मियस," दाऊदचाचांनी छातीवर हात ठेवला.

तात्यांनी तर कॅट फडक्यात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

त्यानंतर खेळ सुधारला. फारच सुधारला. ज्या गुरुजींनी उभ्या जन्मात समोरच्याची दश्शी पकडली नव्हती, ते ओळीने दश्श्या पकडू लागले. कोणाचाच पत्ता वाया जाईना, डाव बरोबरीत सुटू लागले. भांडण बंद झालं. चौघंही आपल्या हातातले पत्ते सोडून समोरच्याच्या हाताकडे, देवळात मूर्तीकडे बघावं तसं, एकटक बघत बसायचे. मग एके दिवशी दाऊदचाचांनी पत्ते टोपीआड धरले. गुरुजींनी उपरणं आणलं. बापूंना ऐन दुपारी थंडी वाजू लागली आणि ते शाल पांघरून, पत्त्यांसकट, आत बसू लागले. कोणी कोणाला विचारलं नाही.

सकाळी एकेक जण प्रमिलाबाईंकडे येऊ लागला. बापू हरभऱ्याची जुडी घेऊन आले.

"भाभी, दोन चित्रं एकसारखी दिखतस. टोपली आन चटई. टोपलीवर जराशी शाई फिराई दे ना. कलाना दृष्टीथून सांगी ऱ्हायनू."

दाऊदचाचा रिकाम्या हाताने आले, पण तोंड गोड करून. "मन्ही बायको सलीमाले तुन्ही टोपली भलती आवडनी. आजून एक पत्तावर तशीच काढी दे."

"कोनता पत्तावर?"

"कोनताबी. इस्पिकनी दुर्री चाली जाई."

सलीमाला इस्पिकची दुर्रीच का हवी, हे प्रमिलाबाईंना कळेना. गुरुजींनी तर गोधडीचे टाके डावीकडे झुकतात की उजवीकडे, हे 'निव्वळ अभ्यास म्हणून' विचारलं.

उलगडा जेवताना झाला. तात्या वरणात बोटाने टोपलीची वीण काढत होते. काढून झाल्यावर पुटपुटले, "एक्का." प्रमिलाबाईंनी उठून फडकं सोडलं, टोपलीचा पत्ता शोधला आणि उलटला. इस्पिकचा एक्का. त्या पुन्हा जेवायला बसल्या, पण घास गिळेना. ज्या नक्ष्यांनी त्यांचं मन निवलं होतं, त्या चौघांना तोंडपाठ झाल्या होत्या. रिनाने दाखवलेली फुलं-पानं काढली असती, तर या म्हाताऱ्यांना आठवडाभर दोनसुद्धा लक्षात राहिली नसती. पण जुन्या स्टँडची जाळी विसरणार कोण?

त्याच दुपारी स्फोट झाला. डाव बंद हुकमाचा होता. त्यात एक जण आपला पत्ता पालथा ठेवतो आणि हुकूम कुठल्या रंगाचा, हे तो उघडेपर्यंत बाकी तिघांना कळत नाही. गुरुजींनी पत्ता पालथा ठेवला. तात्यांनी किलवर टाकलं, बापूंनी त्यावर वरचढ किलवर मारलं. दाऊदचाचांकडे किलवर नव्हतं. हुकूम उघडायला सांगण्याचं भान न राहता त्यांनी सरळ बदामाची सत्ती आपटली आणि तो हात आपल्याकडे ओढायला घेतला.

"थांब!" बापू शालीतून बाहेर आले. "हुकूम उघडाना आदीच बदाम कसा काय मारा तू?"

"हुकूम बदाम शे म्हनीसन मारा."

"तुले कसं म्हाईत, बदाम शे?"

"आन बदामच हुकूम शे हाई तुले कसं कयनं? हुकूम तर गुरुजीना शे!"

"दोन्हीबी चूप बठा," तात्या म्हणाले. "हुकूम बदाम शे हाई खरं, पन—" आणि ते थांबले.

"म्हणजे माझा हुकूम तुम्हां तिघांनाही—" गुरुजी उभे राहिले.

"गुरुजी," तात्यांनी हळूच विचारलं, "काल मन्हा हातमाधली दश्शी तुमी कशी वयखी?"

गुरुजी बसले. दुसऱ्याला चोर म्हणायचं तर आपल्याला चोरीची वाट कशी माहीत, हे आधी सांगावं लागणार होतं. मग तिघं उठले आणि चहा न पिता गेले. असं बापूंच्या ऑपरेशनच्या दिवशीही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा राहिला. तात्या स्वयंपाकघरात आले.

"कुकरन्या शिट्ट्या कितल्या व्हयन्यात?"

"तीन."

"परवा चार व्हयन्या व्हत्यात. आज एक कशी काय रद्द व्हयनी?"

तिसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंना साखर सापडेना. तात्यांनी फळीवरचे डबे मार्गानुसार लावले होते. साखर जिऱ्यापलीकडे, लांब पल्ल्याच्या गाड्यांत होती. प्रमिलाबाईंचं पेन दुपारी हातात यायचं आणि तात्या शेजारी बसून विचारायचे, "हाई रेघ आठेच का वयनी?"

"मी सलीमाकडथून नवा कॅट मांगाडस," त्या म्हणाल्या. "सगळास्ले बलावा."

"नवा कॅट?" तात्या दचकले. "मानजे जुनामा खोट व्हती, आशे कबूल करानं? मी नही करनार. पह्यले त्या करोत."

बाकीच्या तिघांचंही हेच म्हणणं असणार, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. खेळायचं तर जुन्याच पत्त्यांनी, आणि जुन्या पत्त्यांनी खेळणं शक्य नव्हतं. प्रमिलाबाईंनी रात्रीची भाजी तात्यांना निवडायला दिली, देव्हाऱ्याशेजारचं फडकं सोडलं आणि पेन उघडलं. टोपलीत चार आडव्या रेघा ओढल्या, ती चटई झाली. चटईच्या टोकांना वेलांटी दिली, तिची टोपली झाली. कनातीत उभे गज घातले, ती स्टँडची जाळी. आईच्या टाक्याला हात लावताना जरा थांबल्या. पण आईचंही लग्न अशाच माणसाशी झालं होतं. त्यांनी टाका दुसऱ्या बाजूला वळवला.

सकाळी त्यांनी तिघांच्या घरी जाऊन एकच निरोप दिला. "बाकीना तिन्ही ई ऱ्हायनात. तुमीच नही उनात तर लोके काय समजतीन?" तिघंही वेळेआधी हजर झाले.

पहिल्याच डावात दाऊदचाचांनी ठामपणे पत्ता मारला आणि एक्क्याखाली चिरडले गेले. गुरुजींनी दश्शी म्हणून जी पकडली ती तिर्री निघाली. बापूंनी शाल फेकली. "आसं कसं व्हयनं?" ते किंचाळले. "कसं मानजे? तुले काय वाटनं व्हतं?" तात्यांनी विचारलं. त्यावर बापू चहावरून भांडले. थोड्याच वेळात ओटा असा दणाणला की हायवेवरचा एक ट्रकवाला अपघात समजून उतरून आला. आत प्रमिलाबाईंनी खोकल्याच्या औषधाचं खोकं कापून घेतलं आणि शांतपणे पहिला ठिपका दिला.

पुढे नव्या नक्ष्या चौघांना पाठ व्हायच्या आत प्रमिलाबाई दर आठवड्याला दोन-तीन पत्ते, चहाच्या वेळी, दुरुस्त करत राहिल्या. खेळ पूर्वीसारखा बिनभरवशाचा झाला, भांडण पूर्वीसारखं भरवशाचं झालं. पण चौघांच्या तोंडावर एक काळजी दिसू लागली.

"तुन्हा हात पह्यलासारखा नही ऱ्हायना," एकदा तात्या म्हणाले. "जाळी कोनती, टोपली कोनती, कयतच नही."

"वय व्हयनं आते," प्रमिलाबाई म्हणाल्या.

ते 'वय' तात्यांनी ओट्यावर सांगितलं आणि चौघांचं बऱ्याच दिवसांनी एकमत झालं. भाभींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वेळीच इलाज केला पाहिजे. प्रमिलाबाई नको नको म्हणत असताना चौघांनी त्यांना एस.टी.त बसवलं, खिडकीची जागा दिली आणि नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. प्रमिलाबाईंनी सगळ्यांत खालची ओळ वाचली. मग त्याखालचं छापखान्याचं नाव वाचलं. डॉक्टरांनी दिवा लावून दोन्ही डोळ्यांत पाहिलं.

"आजींची नजर उत्तम आहे. मोतीबिंदूचा पत्ताच नाही. या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत."

"नीट देखा, डॉक्टरसाहेब," बापू कळवळून म्हणाले. "यास्ले जाळी आन टोपलीमधला फरक कयत नही!"

"कसली जाळी?"

बापू दाऊदचाचांकडे बघू लागले, दाऊदचाचा गुरुजींकडे, गुरुजी भिंतीवरच्या अक्षरांकडे.

"आणि तुम्हां चौघांचे डोळे केव्हा तपासले होते?" डॉक्टरांनी विचारलं. चौघांनाही एकदम परतीची गाडी आठवली.

परतीची गाडी सुटली. खांडबारा मागे पडलं. तात्या प्रमिलाबाईंकडे बघायचे, मग समोरच्या दांडीकडे, मग पुन्हा प्रमिलाबाईंकडे.

"मंग तू ते मुद्दाम—"

पुढच्या बाकावरची दोन डोकी आणि मागच्या बाकावरचं एक डोकं हलायचं थांबलं.

"काय मुद्दाम?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"काही नही."

"नही, सांगा ना. काय करं मी मुद्दाम? आन तुमले ते कसं समजनं?"

"वाहरू," दाऊदचाचा मागे न वळता म्हणाले, "गप बठ."

विसरवाडीच्या फाट्यावर पाचही जण उतरले. गुरुजींनी घसा साफ केला.

"वहिनी, उद्या चहा नेहमीच्याच वेळी ना?"

"बठ्ठाच या, चारीबी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

हायवेवर ट्रकांची रीघ लागली होती. चौघं कडेला उभे राहून डावीकडे-उजवीकडे बघत राहिले. नजर उत्तम असल्याचं डॉक्टरांनी फक्त प्रमिलाबाईंबद्दलच सांगितलं होतं, म्हणून त्या पुढे झाल्या आणि त्यांच्या मागून, एकाच्या पाठीशी एक, चौघांनी रस्ता ओलांडला.