न म्हणजे काय

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळजींनी चार नंबरचा पिंजरा उघडला. आत लाकडाचा भुसा होता. हॅमस्टर नव्हता.

गेलेला हॅमस्टर साधासुधा नव्हता. तपकिरी अंग, कमरेभोवती पांढरा पट्टा, आणि तोही पाठीवर कुठे न तुटता पुरा जुळलेला. तीन पिढ्या जोड्या पारखून लावल्या, तेव्हा कुठे हा एक साधला होता. घरात त्याला पट्टेवालाच म्हणत. असा पट्टा पुढच्या पिढीत उतरतो का, एवढंच आता बघायचं होतं. दोन दिवस बाहेर राहून घड्याळजी त्याच ओढीने परतले होते.

"अगं, पट्टेवाला कुठाय?"

"बदली झाली त्याची," चहा गाळता गाळता बायको म्हणाली. "खाली, दातांच्या डॉक्टरांकडे. जाताना तुम्हीच म्हणालात, नापसंत तेवढे वाटून टाक, पिंजऱ्यावर खूण आहे."

"खूण म्हणजे फुली. ती बुडाला असते."

"बुडाला कोण बघतं? समोर 'न' होतं. न म्हणजे नको."

"न म्हणजे नर."

"आणि मा?"

"मादी."

"मला वाटलं, मान्य." तिने कप पुढे सरकवला. "म्हणजे घरात आता तुम्ही एकटेच न."

घड्याळजी चहा तसाच ठेवून जिना उतरले. डॉक्टर म्हणाले, "आता परत नाही हो देता येणार. मुलीचा जीव जडलाय त्याच्यावर. शिवाय काल तासभर आमच्या मादीजवळ ठेवला होता."

भांडायला आलेल्या घड्याळजींनी खुर्ची ओढली. "नक्की किती वाजता?"

सोळाव्या दिवशी सात पिल्लं झाली. गुलाबी, बिनकेसांची, पट्ट्याचा पत्ता नाही. घड्याळजी रोज संध्याकाळी डोळ्याला भिंग लावून हजर. हळूहळू लव आली, रंग आला. चौथ्या आठवड्यात पिल्लं वेगळी केली, तेव्हा एका नराचा पट्टा पाठीवर जुळलेला निघाला.

"हा मात्र आमचा," डॉक्टर म्हणाले. घड्याळजींनी पिंजऱ्यांवर अक्षरं कशी घालायची ते त्यांना शिकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको एक पिंजरा घेऊन वर आली.

"डॉक्टर आत कुणाची तरी दाढ काढत होते. म्हटलं, कशाला त्रास द्या. यावर 'न' दिसलं, घेऊन आले." तिने पिंजरा टेबलावर ठेवला. "न म्हणजे नकोच ना?"

घड्याळजींनी भिंग लावलं. पट्टा जुळलेला होता.

"न म्हणजे..." ते म्हणाले, आणि थांबले.

सहा वाजून दहा मिनिटांनी दारावरची बेल वाजली. सहा बाराला पुन्हा वाजली, तोवर दोघांपैकी कोणी उठलं नव्हतं.